शिरोलीतल्या फाउंड्रीत आगीची जोखीम नव्याने मांडताना: वाफ, गॅस आणि कोलडस्ट (प्रकल्प नोंदी)

6 फेब्रुवारी 2024

ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न (ओतीव लोखंडाचे दोन प्रकार) ओतणारी मध्यम फाउंड्री, कोल्हापूरजवळची शिरोली एमआयडीसी. एका शेडमध्ये ग्रीन सँड (ओल्या वाळूच्या साच्यांची) लाइन, दुसऱ्यात मोठ्या कास्टिंगचं फ्युरान मोल्डिंग, म्हणजे रेझिननं घट्ट होणाऱ्या वाळूचे साचे, आणि त्याचा पिट (खड्डा). पलीकडे कोअर शॉप (कोअर म्हणजे कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणारा वाळूचा गाभा), फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), पेंट बूथ, डीजी सेट. मी मेंटेनन्स बघतो. सेफ्टीही माझ्याच गळ्यात आहे.

काम निघालं ते ब्रिटनच्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमधून. आमची आगीच्या जोखमीची फाइल चांगली जाडजूड आहे. आग विझवायचे सिलिंडर किती, कुठे टांगलेत, हायड्रंटचा दाब, बाहेर पडायचे दरवाजे, जानेवारीतला फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला), सगळं जागच्या जागी. ऑडिटरनं पानं उलटली आणि विचारलं, स्फोटक वातावरण कुठे तयार होतं ते या नकाशावर दाखवा. नकाशावर फक्त लाल ठिपके होते, सिलिंडरचे.

त्यांच्याकडे 2002 पासून डीएसईएआर नावाचे नियम आहेत, धोकादायक पदार्थ आणि स्फोटक वातावरण यांच्यासाठी. 2005 च्या तिथल्या अग्निसुरक्षा आदेशातही जोखीम मांडताना असे पदार्थ धरावे लागतात. आपल्याला ते लागू नाहीत. पण आपल्या कारखाने अधिनियम 1948 चं कलम 37 बघा: स्फोटक किंवा ज्वलनशील धूळ, वायू, वाफ. गोष्ट तीच. आमच्या फाइलमध्ये कलम 38 भरपूर होतं, म्हणजे आग लागल्यावर काय करायचं. 37 चं पान नव्हतं.

ठरवलं की जुन्या फाइलला पुरवणी जोडायची नाही, पदार्थांपासून सुरुवात करायची. मालक म्हणाले, "करा, पण पोरिंग थांबायला नको."

8 फेब्रुवारी

पदार्थांची यादी. आधी परचेसकडून घेतली, मग ती हातात धरून शेडमधून फिरलो. हे दोन्ही केल्याशिवाय यादी खरी होत नाही. परचेसच्या यादीत नसलेलं पण शेडमध्ये सापडलेलं: पेटी कॅशमधून उद्यमनगरातून आणलेला थिनर, कोअर बॉक्सला मारायचा सिलिकॉन स्प्रे, पॅटर्न शॉपमधला रबर सोल्युशनचा डबा, आणि "साफसफाईला" म्हणून पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं पेट्रोल. बाटलीवर मिनरल वॉटरचं लेबल तसंच होतं.

मुख्य मंडळी अशी. मोल्ड (साचा) आणि कोअरला लावायचा वॉश, म्हणजे पातळ लेप, त्याचं पातळ करणारं द्रव्य आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल); फ्लॅश पॉइंट 12 अंश, म्हणजे आपल्याकडे थंडीतल्या दुपारीही त्याची वाफ पेट घेण्याजोगी असते. थिनर, बहुतेक टोल्युइन, फ्लॅश पॉइंट 4 अंशांच्या आसपास. लॅडल (वितळलेलं लोखंड न्यायचं भांडं) तापवायला एलपीजी. कटिंगला ॲसिटिलीन. फोर्कलिफ्टच्या बॅटरी चार्जिंगचा हायड्रोजन. ग्रीन सँडमध्ये घालायची कोलडस्ट, म्हणजे कोळशाची भुकटी. एसजीसाठी मॅग्नेशियम फेरोसिलिकॉन. फ्युरान रेझिन आणि त्याचं ॲसिड कॅटॅलिस्ट.

शेवटच्या दोघांचे कॅन स्टोअरमध्ये एकाच पॅलेटवर, खांद्याला खांदा लावून. ही दोन्ही वाळूत मिसळली तर साचा होतो, थेट एकमेकांत पडली तर उकळून उडतात. स्टोअरचे अण्णा म्हणाले, "एका मिक्सरला लागत्यात म्हणून एका जागी ठेवलीत." हिशेब बरोबरच होता त्यांचा. आजच कॅटॅलिस्ट पलीकडच्या भिंतीला, वेगळ्या ट्रेमध्ये हलवलं. खर्च शून्य. अख्ख्या प्रकल्पातलं सगळ्यात स्वस्त काम हेच.

13 फेब्रुवारी

एसडीएस (पदार्थाचा सुरक्षा माहितीपत्रक) मिळवण्यात दिवस जातायत. वॉशवाल्या पुरवठादारानं दोन पानी रंगीत ब्रोशर पाठवलं. त्यात "अल्कोहोल बेस" एवढंच. कुठलं अल्कोहोल, हे महत्त्वाचं आहे. मिथेनॉल मिसळलेलं असेल तर त्याची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही आणि ते विषारीही आहे. लेखी मागितलं, पेमेंट अडवलं, तेव्हा खरा कागद आला. आयपीएच निघालं.

आणखी एक गाठ थिनरची. स्टोअरमध्ये 20 लिटरचे पाच डबे. पेट्रोलियम कायद्यात 23 अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेला माल वर्ग अ, आणि द्रव हायड्रोकार्बन असलेलं कुठलंही ज्वलनशील मिश्रण "पेट्रोलियम" म्हणून धरतात. विक्रीसाठी नसलेला वर्ग अ माल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच ठेवता येतो. म्हणजे थिनर या कायद्यात येतो. आयपीए हायड्रोकार्बन नसल्यानं त्या व्याख्येत येत नाही, म्हणून 200 लिटरची तीन बॅरल बिनधास्त उभी होती. कागदावर थिनर गुन्हेगार आणि आयपीए साव. प्रत्यक्षात दोघंही तेवढेच पेटतात, त्यामुळे जोखीम मांडताना दोघांना एकाच तराजूत घातलं.

थिनर यापुढे एकच डबा, तो संपल्यावरच दुसरा. दुकान गावातच आहे, साठा करून ठेवायचं कारण नाही.

19 फेब्रुवारी

गॅस मीटर भाड्यानं आणला, दिवसाला 1,500 रुपये. दिवस वाया.

कोअर शॉपमध्ये वाचन शून्य. वॉशच्या उघड्या बादलीच्या तोंडाशी धरला, तरी एक-दोन. तिथेच शंका आली. आयपीएचा खालचा स्फोटमर्यादा आकडा (याहून कमी वाफ पेट घेत नाही) हवेत 2 टक्के, आणि उघड्या बादलीच्या तोंडाशी वाफ त्याहून कितीतरी जास्त असते. मीटर या मर्यादेच्या किती टक्के वाफ आहे ते दाखवतो; तो ओरडायला हवा होता.

भाड्यावाल्याला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "तिथं सिलिकॉन स्प्रे मारता काय?" या मीटरमधला कॅटॅलिटिक सेन्सर सिलिकॉनच्या वाफेनं मरतो. मेला की ऑक्सिजनचा आकडा दाखवत राहतो, बॅटरी दाखवत राहतो आणि ज्वलनशील वायूला शून्य म्हणतो. आमच्याच स्प्रेनं मेला की मेलेलाच आला, हे ठरवता आलं नाही. निघताना टेस्ट गॅस मारून बघितला नव्हता, ना त्यानं ना आम्ही.

ज्यांना हे करायचंय त्यांनी एवढं धरा: मीटर हातात घेतल्यावर आधी टेस्ट गॅसची छोटी बाटली मारून काटा हलतो का बघायचं. रोज. बाटली भाड्यात मागून घ्या, कुणी आपणहून देत नाही.

22 फेब्रुवारी

दुसरा मीटर, टेस्ट गॅससकट. कोअर शॉपमध्ये स्प्रे बंद ठेवून वाचन घेतलं. बादलीपाशी अलार्म, हातभर लांब नगण्य. तिथे हवा खेळती आहे.

मग पिट. साधारण अडीच मीटर खोल, आत मोठा मोल्ड, मामांनी नुकताच वॉश मारलेला. मोल्डिंगचे हे मामा माझ्या आधीपासून इथे आहेत. कामाची पद्धत अशी: पत्र्याच्या बादलीत वॉश, ब्रशनं किंवा ओतून मोल्डला लावायचा, मग लांब सळईला बांधलेला पेटता बोळा लावून आयपीए जाळून टाकायचं. मागे कोरडा थर उरतो. फाउंड्रीत याला लाइट-ऑफ म्हणतात आणि ते रोजचं आहे.

मीटरची नळी दोरीला बांधून सोडली. पिटच्या काठावर शून्य. कमरेइतक्या खोलीवर 4. तळाशी 38. मीटर मिथेनवर लावलेला, त्यामुळे आयपीएचा खरा आकडा याहून मोठा. आयपीएची वाफ हवेच्या दुपटीनं जड. ती वर येऊन वास देत नाही, तळाला कोपऱ्यात जाऊन बसते. काठावर उभा माणूस म्हणतो, "वासबी नाय की."

मामांना आकडा दाखवला. ते म्हणाले, "साहेब, वॉश मारला की लगेच पेटवतो. साठतंय कुठं?" पद्धत बरोबर आहे. विचारलं, जेवणाची सुट्टी झाली तर? गप्प राहिले. मग शेजारचा हेल्पर बोलला, मागे एकदा जेवून आल्यावर पेटवलं तेव्हा "भक्कन" झालं होतं आणि मामांच्या भुवया गेल्या होत्या. हे कुठल्याही रजिस्टरमध्ये नाही. भुवया गेल्या म्हणून कुणी अपघात लिहीत नाही.

27 फेब्रुवारी

झोनचा नकाशा. आयएस/आयईसी 60079 भाग 10-1 घेऊन बसलो. झोन 0 म्हणजे स्फोटक मिश्रण सतत किंवा दीर्घकाळ, झोन 1 म्हणजे नेहमीच्या कामात अधूनमधून, झोन 2 म्हणजे क्वचित आणि थोडा वेळ. धुळीला 20, 21, 22.

पेंट बूथ सोपा गेला. पिटला अडलो. नेहमीच्या कामात वाफ होते, म्हणजे झोन 1. झोन 1 मध्ये ठिणगी नको. आणि आमचं काम तर तिथे मुद्दाम जाळ लावायचं! पुण्याहून बोलावलेल्या सल्लागारानं अख्खी शेड झोन 1 रंगवून दिली, सगळे दिवे, मोटारी, क्रेन फ्लेमप्रूफ (आतल्या ठिणगीनं बाहेरची वाफ पेटू न देणारे) करा म्हणाले. त्यांची फी गेली, नकाशा कामाला आला नाही. जिथे पुढच्या मिनिटाला बोळा पेटणार आहे तिथे क्रेनची मोटार बदलून काय साधणार?

शेवटी वाफ आणि जाळ वेगळे ठेवायचे ते वेळेनं, असं ठरलं. वॉश लावताना जाळ नाही. जाळ लावताना उघडा वॉश नाही. मधे थांबायचं नाही. आणि थांबावं लागलंच तर तो पिट झोन 1: ब्लोअर लावून, मीटर 10 च्या खाली आल्याशिवाय कुणी पेटवायचं नाही, उतरायचंही नाही.

4 मार्च

राष्ट्रीय सुरक्षा दिन. बॅनर, शपथ, फोटो, प्रत्येकी एक कटवडा. शपथ झाल्यावर दहा मिनिटं जास्तीची मागून पिटपाशी सगळ्यांना उभं केलं आणि नळी खाली सोडून मीटर वाजवून दाखवला. शपथ काय होती हे आता कुणाला आठवत नसेल, मीटर वाजलेला आठवतोय.

7 मार्च

पिटचा ब्लोअर. आधी पोरांनी साधा पेडेस्टल फॅन दोरानं आत सोडला होता, म्हणजे ठिणगी पाडणारी मोटार नेमकी वाफेत. काढला. ब्लोअर काठापासून लांब, स्वच्छ हवेत ठेवून पत्र्याचा डक्ट तळापर्यंत नेला. फ्लेक्सिबल प्लास्टिक डक्ट स्वस्त पडत होता, पण वाळूची धूळ त्यातून जोरात गेली की स्थिर वीज साठते. पत्र्याचा घेतला आणि अर्थिंग केलं. तळाचं वाचन काही मिनिटांत खाली येतं. एकूण 19,000 रुपये.

बादल्या: झाकणाच्या, पत्र्याच्या, लहान. रोज लागेल तेवढाच वॉश. पेटवण्याआधी झाकण लावून पिवळ्या रेषेच्या मागे. सगळ्यात धोक्याची सवय वेगळीच होती. पहिला थर जळत असतानाच "इथं राहिलं" म्हणून बादलीतून वरून परत ओतायचं. जाळ ओघळ धरून बादलीत येतो. दुसरा थर लावायचा तर मोल्ड हाताला गार लागला पाहिजे. मामांनी हा नियम स्वतः खडूनं खांबावर लिहिला. मी लॅमिनेट करून लावला असता तर तो तिथे दिसलाच नसता, सवयीनं.

18 मार्च

आयपीएच काढून टाकता येतो का? ब्रिटिश नियमांत हा प्रश्न सगळ्यात आधी येतो: पदार्थ बदला, नाही जमलं तर कमी करा, मग गळती, मग वायुवीजन, ठिणगीचा नंबर बराच नंतर. आपण उलटीकडून सुरू करतो, फ्लेमप्रूफ दिव्यांपासून, कारण दिवा विकत मिळतो.

पाण्यावर चालणारा वॉश मागवला. छोट्या कोअरवर चाचणी. वाळवायला वेळ द्यायचा होता तो दिला नाही, कारण लाइन चालू होती. निकाल: कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूनं पडलेली भोकं). क्वालिटीनं ट्रॉलीभर माल परत लोटला आणि प्रोडक्शन मॅनेजर माझ्याशी बोलेनासे झाले.

28 मार्च

ओव्हन हवाच. पहिलं कोटेशन एलपीजीवर चालणाऱ्या ओव्हनचं. आयपीएची वाफ काढायला बंद पेटीत गॅस आणायचा! परत पाठवलं. इलेक्ट्रिक ओव्हन, हवा फिरवणारा, 2,80,000 रुपये. महाग आहे. पण कोअर शॉपमधला आयपीए पूर्ण जातो आणि त्या शेडचा झोनच उरत नाही. मालकांना तो हिशेब मांडला: दिवे, स्विच, मोटारी, दर वर्षीची त्यांची तपासणी वाचते. तयार झाले, पण पैसे एप्रिलनंतर.

मोठ्या मोल्डला पाण्याचा वॉश जमत नाही. एवढा मोल्ड ओव्हनमध्ये जात नाही. तिथे आयपीए राहणार.

2 एप्रिल

ठेकेदाराचा माणूस ग्राइंडर घेऊन आयपीएचं रिकामं बॅरल उभं कापायला बसलेला. वाळू भरायला अर्धं बॅरल पाहिजे होतं. वेळेत दिसला. रिकामं म्हणजे आत ओलावा आणि हवा, म्हणजे बरोबर पेटणारं मिश्रण. भरलेल्या बॅरलमध्ये निदान हवेला जागा नसते. कलम 37 मध्ये हे सरळ लिहिलंय: असं पात्र आतला पदार्थ आणि वाफ काढून टाकल्याशिवाय कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. आता रिकामी बॅरल बूच लावून, मोजून पुरवठादाराकडे परत. भंगारवाल्याला देणं बंद. त्यावर भंगारवाला नाराज, आणि ज्यांना त्यातून चहापाणी सुटायचं तेही.

22 ते 24 एप्रिल

जोतिबाची चैत्र यात्रा. मोल्डिंगचे निम्मे गडी डोंगरावर, लाइन अर्धी. पेंट बूथची वीज बंद करायला एवढी चांगली वेळ वर्षात मिळत नाही.

बूथमध्ये "फ्लेमप्रूफ" दिवे आधीपासून होते. खाली उतरवून टेबलावर ठेवले. पहिल्या दिव्याच्या झाकणाला आठ बोल्टांची जागा, लावलेले पाच. झाकण आणि बॉडी यांच्या मधल्या घासलेल्या कडेवर कुणीतरी सिलिकॉन सीलंट भरलेलं, पाणी जाऊ नये म्हणून. ती कडच या दिव्याचा जीव आहे. आत स्फोट झाला तर गरम वायू त्या बारीक फटीतून निघताना थंड होतो आणि बाहेरची वाफ पेटत नाही. बोल्ट गाळले किंवा मनाला येईल ते भरलं की त्या मोजलेल्या फटीचा भरवसा संपला. दुसऱ्या दिव्याला, केबल आत जाते तिथे, साधी पीव्हीसी ग्लँड. तिसऱ्याची न वापरलेली एंट्री उघडी, त्यात चिमणीनं काडी आणून ठेवलेली. प्रमाणपत्रं मात्र तिन्हींची फाइलमध्ये नीट होती.

तीन नवे दिवे, प्रत्येकी 7,500 च्या आसपास. फ्लेमप्रूफ डबल कम्प्रेशन ग्लँड आणि प्लग वेगळे. टोल्युइन, आयपीए दोन्ही गॅस ग्रुप (पेटण्याच्या सहजतेनुसार केलेले गट) आयआयए मध्ये येतात. विकणारा आयआयसी गळ्यात मारत होता, लागत नाही. हायड्रोजन आणि ॲसिटिलीनसाठी तो.

एक्झॉस्ट फॅनची मोटार थेट हवेच्या झोतात होती. ती बाहेर घेऊन बेल्टवर आणली. बेल्ट अँटिस्टॅटिक.

6 मे

उद्या लोकसभेचं मतदान, सुट्टी. आज इंटरलॉक तपासला.

फॅन बंद असेल तर रंगाच्या गनला हवा मिळू नये, अशी सोय केली होती. इलेक्ट्रिशियननं ती फॅनच्या कॉन्टॅक्टरच्या (मोटारीच्या स्विचच्या) ऑक्झिलरीवरून घेतली. मी तपासायला म्हणून बेल्ट काढला आणि फॅन चालू केला. मोटार फिरतेय, फॅन उभा, गनला हवा मिळतेय आणि बूथमध्ये हवेचा पत्ता नाही. बेल्ट तुटला तर नेमकं हेच होणार. डक्टमध्ये डिफरन्शियल प्रेशर स्विच (हवेच्या दाबातला फरक ओळखणारा) बसवून त्यावरून गनच्या हवेचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) घेतला. 14,000 रुपये, आणि अर्धा आठवडा गेला कारण स्विच कोल्हापुरात मिळाला नाही, पुण्याहून आला.

थिनर ओतताना डबा आणि गनचं भांडं दोन्ही पत्र्याचे आणि क्लिपनं एकमेकांना जोडलेले. आयपीएपेक्षा थिनरला हे जास्त लागतं. टोल्युइन वीज वाहून नेत नाही, ओतताना चार्ज साठवतं.

13 मे

आता धूळ. कोलडस्टचा विचार मी स्वतः फारसा केला नव्हता, कारण ती वाळूत जाते आणि वाळू पेटत नाही. पण मिक्सरपर्यंत ती गोणीतून येते, आणि गोणी हॉपरवर झटकतात.

शिडी लावून वर गेलो. गर्डरवर, केबल ट्रेवर, ट्यूबच्या पत्र्यावर काळा मऊ थर. बोट ओढलं तर खालचा पिवळा रंग दिसला. अमेरिकेच्या मानकांत वापरला जाणारा अंदाज 1/32 इंच, म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या जरा वर. तेवढा थर बऱ्याच भागावर असला की धोका धरायचा. आमचा गर्डरवरचा थर नखाएवढा जाड. त्यात वाळू आणि बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती) किती आणि कोळसा किती ते डोळ्यांनी कळत नाही, पण मिक्सरच्या डोक्यावरचा थर हातात घेतला तर हलका आणि तेलकट काळा.

आणि साफसफाई कशी? दर सुट्टीला एअर होजनं फुंकून. अख्खी धूळ हवेत, शेडमध्ये ढग, आणि पलीकडे लॅडल प्रीहीटर चालू. पहिला छोटा भडका जिथे होईल तिथे होईल, तो गर्डरवरची धूळ खाली पाडतो आणि दुसरा त्या धुळीचा होतो. माणसं मारतो तो दुसरा.

होज बंद. व्हॅक्युम शोधला. "इंडस्ट्रियल" लिहिलेला साधा व्हॅक्युम आणला होता, त्याची ब्रशची मोटार धुळीच्याच हवेवर थंड होते. परत केला, दुकानदारानं दहा टक्के कापले. धुळीच्या झोनचा प्रमाणित व्हॅक्युम दीड लाखाच्या वर. शेवटी कॉम्प्रेस्ड एअरवर चालणारा व्हेंच्युरी व्हॅक्युम घेतला. त्यात मोटारच नाही. होज वीजवाहक, अर्थिंग केलेली. 46,000 रुपये. हवा भरपूर खातो, कॉम्प्रेसर कुंथतो, म्हणून लाइन बंद असतानाच चालवायचा.

24 मे

काल डोंबिवली एमआयडीसीत केमिकल कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. सकाळी मालकांचा फोन: ओव्हनची ऑर्डर आजच टाका. महिनाभर अडलेली फाइल एका फोनवर सुटली. बरं वाटलं नाही.

11 जून

कोलडस्टच्या जागी बेंटोनाइट आणि कोलडस्ट आधीच मिसळलेलं प्रीब्लेंड. बेंटोनाइट जळत नाही, त्यामुळे मिश्रणाचा धोका उतरतो. किती उतरतो ते प्रमाणावर आहे, म्हणून पुरवठादाराकडून चाचणी अहवाल मागितला आणि तो आल्यावरच घेतलं. सुटी कोलडस्ट गोणीतून झटकणं संपलं. पहिल्या आठवड्यात वाळूचं ओलाव्याचं गणित बिघडलं आणि सँड लॅबच्या ताईंनी दिवसातून चारदा नमुने काढून ते बसवलं. किलोमागे दर जास्त आहे. कास्टिंगचा फिनिश तोच.

बॅटरी चार्जिंगची जागा बदलली. हायड्रोजन वर जातो आणि चार्जरच्या बरोबर वर केबिनचा स्लॅब होता, त्याला लागून स्विच. आता उघड्या पडवीत, पत्र्याला वरून रिज व्हेंट. एक दिवसाचं काम.

26 जुलै

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 43 फुटांच्या धोका पातळीच्या वर. 2019 आणि 2021 ला शिरोलीपाशी हायवे पाण्याखाली गेला होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष नदीकडे. आमच्या शेडमध्ये पाणी येत नाही, पण छप्पर गळतं.

मॅग्नेशियम फेरोसिलिकॉनचे ड्रम एका गळतीखाली सापडले. ओलं झालं की ज्वलनशील वायू सोडतं, आणि ओलं ट्रीटमेंट लॅडलमध्ये गेलं तर वितळलेल्या लोखंडाखाली पाणी. ड्रम उंच ओट्यावर, झाकणं घट्ट, दारावर "पाणी मारू नये". कोरड्या वाळूच्या बादल्या ठेवल्या; वाळूला आपल्याकडे तोटा नाही. जुन्या फाइलमध्ये या खोलीसाठी काय नेमलं होतं? हायड्रंटची होजरील.

9 ऑगस्ट

इलेक्ट्रिक ओव्हन बसला, कोअर शॉप पाण्याच्या वॉशवर. पहिल्या बॅचला कोअर मऊ पडले, तापमान घाईनं वाढवलं होतं. हळू चढवल्यावर बसलं. पावसाळी हवेत वाळायला जास्त वेळ लागतो, तो शिफ्टच्या नियोजनात धरला. प्रोडक्शन मॅनेजर पुन्हा बोलू लागलेत.

आयपीएचा साठा तीन बॅरलवरून एकावर आला. तेही शेडबाहेर, सावलीत, गळती धरणाऱ्या ट्रेवर, हातपंप आणि अर्थिंगसकट.

20 ऑगस्ट

नवी फाइल तयार. प्रत्येक पदार्थाला एक पान: किती आहे, कुठे आहे, वाफ किंवा धूळ केव्हा होते, तिथे पेटवणारं काय आहे, काय बदललं, काय राहिलं. सिलिंडरचं पान सगळ्यात शेवटी. परचेसला एक अट: एसडीएसशिवाय नवा पदार्थ गेटमधून आत नाही, पेटी कॅशचाही. नवा पदार्थ, नवी मशीन किंवा कुणाच्या भुवया गेल्या, तर ते पान पुन्हा लिहायचं.

सल्लागाराची फी आणि परत गेलेला माल धरून सगळा खर्च साडेपाच लाखांच्या घरात. त्यात अर्ध्याहून जास्त ओव्हन.

राहिलंय ते सँड प्लँटचं बॅग फिल्टर, म्हणजे पिशव्यांतून धूळ गाळणारी पेटी. त्याला एक्सप्लोजन व्हेंट (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी वाट) नाही. विकणाऱ्यानं धुळीचे केएसटी आणि पीमॅक्स (स्फोटात दाब किती वेगानं आणि कुठवर चढतो) आकडे मागितले, ते असल्याशिवाय व्हेंटचं माप काढता येत नाही. आमच्या फिल्टरमधल्या धुळीत वाळू आणि बेंटोनाइट एवढं आहे की ती स्फोट होण्याजोगी नसेलही. मग व्हेंटचा खर्च वाचेल. हॉपरमधून पाच किलोचा नमुना काढून, कोरड्या डब्यात सील करून लॅबला पाठवलाय. अहवाल येईपर्यंत फिल्टरच्या मागून कँटीनला जाणारी वाट साखळी लावून बंद. पोरं लांबून वळसा घालून जातात आणि शिव्या मला देतात.